आधी धरा, मग सोडा
(चिरनेर येथे प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



आज आम्ही तुमच्याशी मोटारगाडीविषयी बोलणार आहोत. गाडी पळवावी कशी, हे आम्ही सांगणार नाही. ते सांगायला पुष्कळ लोक आहेत. उभी गाडी जागेवर धरून कशी ठेवावी आणि तिथून ती नीट कशी सोडावी, एवढेच आम्ही सांगणार आहोत.

तुम्ही म्हणाल, यात काय शिकायचे? किल्ली फिरवली की गाडी सुरू. पण मंडळी, गाडी सुरू होणे वेगळे आणि गाडी नीट सुटणे वेगळे. पहिल्या दहा हातांत जे घडते, ते कधी कधी जन्मभर पुरते. मागे खेळणारे लेकरू त्या दहा हातांतच असते.

तुमच्या चिरनेरचे नाव महाराष्ट्रात ठाऊक आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी इथे जंगल सत्याग्रह झाला. अक्कादेवीच्या रानात गोळीबार झाला आणि ८ जण हुतात्मे झाले. त्या काळी माणसे रानावनातून पायी चालत येत. आज तसे राहिले नाही. १९८९ साली जवळच न्हावा-शेव्याचे मोठे बंदर सुरू झाले. २०२४ च्या जानेवारीत समुद्रावरचा अटल सेतू खुला झाला. रस्त्यांवर कंटेनरचे लांबलचक ट्रेलर आले. घरोघरी दुचाकी आली. कुणाकडे रिक्षा, कुणाकडे टेंपो, कुणाकडे छोटी मोटार. उरण आणि पनवेलच्या बाजूचे किती तरी तरुण आज ड्रायव्हर आहेत. तेव्हा गाडी चालवणाऱ्याने तर हे ऐकावेच. पण जो चालवत नाही त्यानेही ऐकावे. कारण गाडीच्या मागेपुढे तोच उभा असतो.

गाडीच्या पोटात काय आहे

आधी पायाखालचे पाहू. मोटारीत पायाखाली तीन दांडे असतात. डावीकडे क्लच. मधे ब्रेक. उजवीकडे ॲक्सिलरेटर, म्हणजे इंजिनाला जोर देणारा. डावा पाय फक्त क्लचसाठी. उजवा पाय ब्रेक आणि ॲक्सिलरेटर या दोहोंसाठी. एकाच पायाला दोन कामे का दिली? कारण जोर देणे आणि थांबवणे ही कामे एकाच वेळी होऊ नयेत.

क्लच म्हणजे काय? बैलगाडीचे जू आठवा. बैल जुंपले की गाडी ओढली जाते. बैल सोडले की बैल वेगळे आणि गाडी वेगळी. क्लच दाबला, म्हणजे बैल सोडले. इंजिन फिरत राहते, पण त्याचा जोर चाकांपर्यंत जात नाही. क्लचवरचा पाय उचलला, म्हणजे बैल जुंपले. पण हे बैल दोन नव्हेत, पन्नास आहेत असे समजा. ते एकदम जुंपले तर गाडी हिसका मारते. म्हणून पाय हळूहळू उचलायचा.

आता गिअर. एखादा मोठा दगड शेतातून काढायचा असला तर तुम्ही काय करता? पहार घालता. पहारीचे टोक हातभर खाली दाबता, तेव्हा दगड बोटभर उचलतो. हात जास्त हलला, दगड थोडा हलला, पण जड दगड उचलला गेला. पहिला गिअर म्हणजे मोटारीची पहार. इंजिन पुष्कळ वेळा फिरते, चाक थोडेच फिरते. वेग कमी, पण जोर मोठा. उभी गाडी हलवायला जोरच लागतो. म्हणून गाडी सुटताना पहिला गिअर. गाडी चालू लागली की दुसरा, मग तिसरा. थांबलेली गाडी तिसऱ्या गिअरवर उठवू पाहणे, म्हणजे पहारीऐवजी काटकीने दगड उचलणे होय. इंजिन घुसमटते आणि बंद पडते. चढावर बंद पडले तर गाडी मागे येते.

गिअरचा दांडा मधोमध मोकळा हलत असला, तर त्याला न्यूट्रल म्हणतात. म्हणजे कोणताच गिअर नाही. बैल सोडलेलेच आहेत. न्यूट्रलमध्ये गाडीला कुणी धरलेले नसते. नवशिक्याने हे पक्के ध्यानात ठेवावे.

हँडब्रेक कशाला हवा

पायाने दाबायचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो. तो चारी चाकांना धरतो. पण पाय काढला की तो सुटतो. हाताने ओढायचा हँडब्रेक निराळा आहे. बहुतेक मोटारींत तो तारेवर चालतो. दांडा वर ओढला की तार ताणली जाते आणि मागची दोन चाके आवळली जातात. दांड्याला दाते असतात. ओढताना कटकट असा आवाज येतो तो त्यांचाच. हात काढला तरी दांडा तिथेच राहतो. हीच त्याची मोठी सोय. ड्रायव्हर खाली उतरला तरी ब्रेक आपले काम करीत राहतो.

दोन ब्रेक वेगवेगळे का ठेवले? एक फसला तर दुसरा असावा म्हणून. विहिरीत उतरणारा शहाणा माणूस एकाच दोरावर भरवसा ठेवत नाही. तसेच हे.

मोठ्या ट्रकांची आणि ट्रेलरची गोष्ट थोडी वेगळी. त्यांचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो. उभ्या गाडीचा ब्रेक मात्र जाड स्प्रिंग धरते. टाकीत हवा भरली म्हणजे ती स्प्रिंग मागे सरते आणि चाके मोकळी होतात. म्हणून इंजिन सुरू केल्यावर हवेचा काटा पुरेसा वर येईपर्यंत थांबावे लागते. घाई करून भागत नाही. काही नव्या मोटारींत दांड्याऐवजी नुसते बटण असते. बटण असो वा दांडा, काम एकच. उभी गाडी उभी राहिली पाहिजे.

सपाट रस्त्यावर सुटताना

आता गाडी कशी सोडायची ते क्रमाने पाहू.

पहिले काम गाडीबाहेरचे. गाडीभोवती एक फेरी मारा. मागे पोर आहे का? चाकाजवळ कोंबडी, कुत्रे आहे का? ट्रेलर असला तर खाली वाकून बघा. दुपारच्या उन्हात माणूस ट्रेलरच्या सावलीत आडवा होतो. तो गाडीखाली झोपला असेल तर आरशात दिसत नाही. लहान मूल तर मोटारीच्या अगदी मागे उभे असले तरीही दिसत नाही. आरसा सगळे दाखवत नाही, हे विसरू नका. ही फेरी अर्ध्या मिनिटाची असते. तेवढा वेळ सगळ्यांकडे असतो.

दुसरे काम. आत बसलात की आधी हँडब्रेक बघा. ओढलेला नसेल तर ओढा. मग क्लच पूर्ण दाबा आणि गिअरचा दांडा डावीउजवीकडे हलवून पाहा. मोकळा हलला म्हणजे न्यूट्रल. त्यानंतरच किल्ली फिरवा.

हे का सांगतो? पुष्कळ जण गाडी गिअरमध्ये ठेवून जातात. ते योग्यच आहे. पण दुसरा कुणी येतो आणि क्लच न दाबता किल्ली फिरवतो. गाडी बेडकासारखी उडी मारते. समोर भिंत असेल तर भिंत जाते. समोर माणूस असेल तर माणूस जातो.

जुन्या माणसांना हँडल मारून गाडी सुरू करणे आठवत असेल. पुढून लोखंडी हँडल घालायचे आणि जोराने फिरवायचे. तेव्हा गाडी चुकून गिअरमध्ये राहिली, तर ती हँडल मारणाऱ्याच्याच अंगावर येई. उलट फिरलेल्या हँडलाने मनगटेही मोडत. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक या मोटारीला विजेचा स्टार्टर बसवला. तेव्हापासून हँडलाचे दिवस सरत गेले. पण ती जुनी शिस्त आजही खरी आहे. आधी हँडब्रेक, मग न्यूट्रल, मग इंजिन.

तिसरे काम. क्लच दाबून पहिला गिअर घाला. आरशात पाहा. मान वळवून मागे पाहा. उजवीकडचा दिवा दाखवा. रस्ता मोकळा असेल तर क्लच हळूहळू उचला. इंजिनाचा आवाज जरा जड होतो. गाडी किंचित थरथरते. बैल जुंपले गेले, त्याची ही खूण. आता हँडब्रेक सोडा आणि थोडा जोर द्या. गाडी हलक्या पावलाने निघेल.

निघाल्यावर समोरच्या काट्यांकडे एकदा नजर टाका. तांबडा दिवा पेटलेला असेल तर हँडब्रेक पुरता सुटलेला नाही. तसेच चालवत राहिलात तर ब्रेक तापतो, जळका वास येतो आणि लायनर झिजतात. झिजलेला ब्रेक ऐन वेळी दगा देतो.

चढावर सुटताना

खरी परीक्षा इथे आहे. कर्नाळ्याच्या खिंडीत गाड्यांची रांग लागली आहे असे समजा. पुढे एसटी, मागे दुचाकीवर नवराबायको आणि मधे लेकरू. तुमची गाडी चढावर थांबली आहे. पुढची एसटी हलली. आता तुम्हालाही निघायचे आहे. पाय ब्रेकवर आहे. तो उचलून ॲक्सिलरेटरवर नेईपर्यंत गाडीला कुणी धरायचे?

हँडब्रेकने धरायचे. त्यासाठीच तो आहे.

नीट ऐका. पाय ब्रेकवर ठेवूनच हँडब्रेक घट्ट ओढा. क्लच दाबा, पहिला गिअर घाला. आता ब्रेकवरचा पाय काढला तरी गाडी हलणार नाही. ॲक्सिलरेटर थोडा दाबा. क्लच हळूहळू उचला. इंजिनाचा आवाज जड झाला आणि गाडीचे नाक जरा वर आले, की पाय तिथेच धरा. अजून हँडब्रेक सोडू नका. क्षणभर थांबा. इंजिन आता गाडी पुढे ओढते आहे आणि हँडब्रेक तिला मागून धरतो आहे. आता दांडा हळूच खाली सोडा. गाडी मागे न जाता पुढे जाईल.

समजा, तरीही ती मागे सरकली. घाबरू नका. क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबा. हँडब्रेक पुन्हा ओढा. पुन्हा पहिल्यापासून करा. मागचा हॉर्न वाजवील, वाजवू द्या. त्याच्या हॉर्नने गाडी चढत नाही.

दोन चुका नेहमी होतात. एक, इंजिनाने ओढ धरण्याआधीच हँडब्रेक सोडणे. मग गाडी मागच्यावर आदळते. दुसरी, नुसत्या क्लचवर गाडी चढावर तोलून धरणे. काही जणांना यात मोठी ऐट वाटते. पण त्याने क्लचची प्लेट जळते आणि खिसा रिकामा होतो.

हे आमच्या मनचे नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत पक्क्या लायसन्सची परीक्षा कशी घ्यावी हे लिहिले आहे. तीव्र चढावर गाडी थांबवायची आणि मागे न सरकता पुन्हा सोडायची, हे त्या परीक्षेत सांगितलेले आहे. तेव्हा शिकवणाऱ्याने चढावरची सुटका शिकवली नाही, तर त्याला स्वच्छ विचारा, "दादा, चढावर कधी नेणार?" फी दिली आहे, तर पुरते शिकून घ्या.

उतारावर

उतारावर सुटताना गाडी आपणहून पळायला पाहते. तिथेही आधी गिअर घाला, मग हँडब्रेक सोडा. न्यूट्रलमध्ये गाडी उतारावर कधी सोडू नका.

बोरघाटात काही जण डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात. हा वेडेपणा आहे. गिअर घातलेला असला म्हणजे इंजिनही गाडीला मागे ओढून धरते. न्यूट्रल केले की सगळा भार ब्रेकवर पडतो. ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. शिवाय आजच्या नव्या इंजिनांत गिअर असताना जोराचा पाय काढला, तर इंधन आपोआप बंद होते. म्हणजे न्यूट्रल करून चार पैसेही वाचत नाहीत. ज्या गिअरवर घाट चढाल, त्याच गिअरवर उतरा, अशी जुन्या ड्रायव्हरांची रीत आहे. ती सोन्यासारखी आहे.

आणखी एक. अरुंद घाटरस्त्यावर समोरासमोर दोन गाड्या आल्या तर उतरणाऱ्याने थांबावे आणि चढणाऱ्याला वाट द्यावी, असा नियम आहे. कारण चढणारा एकदा थांबला की त्याला पुन्हा सुटणे अवघड जाते. आपण आताच पाहिले ते का.

गाडी उभी करताना

उद्या सकाळी गाडी नीट सुटावी, तर आज रात्री ती नीट उभी केली पाहिजे. क्रम असा. पायाने ब्रेक दाबून गाडी थांबवा. हँडब्रेक ओढा. इंजिन बंद करा. मग गिअर घाला. गाडीचे तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर. तोंड उताराकडे असेल तर मागचा, म्हणजे रिव्हर्स. शेवटी ब्रेकवरचा पाय हळूच काढा आणि गाडी सरकते का ते बघा. सरकली नाही, मगच उतरा.

उतारावर तिसरा पहारेकरीही ठेवावा. तो म्हणजे दगड किंवा लाकडी ठोकळा. तो चाकाच्या उतरत्या बाजूला लावायचा. पुढची चाके रस्त्याच्या कडेकडे वळवून ठेवा. म्हणजे गाडी सुटलीच, तर भर रस्त्यात न जाता कडेला जाईल. पण कडेला दरी किंवा कुणाचे घर असेल, तर तिथे गाडी उभीच करू नये.

आणि मंडळी, दगड लावता तसा तो काढायलाही शिका. घाटात बिघडलेल्या गाडीला दगड लावतात. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते. दगड तिथेच राहतो. रात्री मागून दुचाकीवाला येतो. त्याला दगड दिसत नाही. एकाची गाडी वाचवणारा दगड दुसऱ्याचा जीव घेतो. म्हणून गाडी पुढे जाऊन सुरक्षित थांबली, की क्लीनरने मागेपुढे पाहून तो दगड उचलून कडेला टाकावा. गाडी हलण्याआधी मात्र चाकामागे उभे राहून दगड ओढू नये.

पावसाळ्यासाठी एक सूचना. आपल्याकडे पाऊस मोठा आणि वाराही खारा. भिजलेली गाडी हँडब्रेक ओढून पुष्कळ दिवस उभी ठेवली, तर ब्रेक गंजून चिकटतो. तेव्हा दीर्घकाळ ठेवायची असल्यास अगदी सपाट जागा निवडा. गिअर घाला, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा. उतारावर असे करू नका.

हँडब्रेकची तार काळाने सैल पडते. दांडा पूर्वीपेक्षा फार वर येऊ लागला, तर मिस्त्रीकडे न्या. हे काम थोड्या पैशांचे आहे. माणूस मात्र पैशाने परत येत नाही.

घरातल्यांसाठी

आयाबहिणींनो, आता तुमच्यासाठी. उभ्या गाडीत पोरांना एकटे सोडू नका. मूल दांड्याशी खेळते, बटण दाबते, हँडब्रेक सुटतो. किल्ली घरात खिळ्याला टांगा, पण मुलाच्या हाताला लागणार नाही अशी. घरचा ड्रायव्हर गाडी काढताना मुलाला उचलून घ्या आणि ड्रायव्हरला दिसेल अशा जागी उभ्या राहा. अंगारकीला गणपतीच्या देवळाशी गर्दी असते. तिथे सुटणाऱ्या गाडीच्या मागून वाट काढू नका. आणि तुमच्यापैकी कुणाला गाडी शिकावीशी वाटली, तर जरूर शिका. क्लच काही पुरुषाचा पाय ओळखत नाही.

कायदा काय म्हणतो तेही ऐका. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२६ उभ्या गाडीविषयी आहे. सार्वजनिक जागी गाडी सोडून जाताना इंजिन बंद करावे, ब्रेक लावावा आणि ड्रायव्हर नसताना गाडी आपोआप हलणार नाही अशी व्यवस्था करावी, असे ते सांगते. म्हणजे हँडब्रेक ओढणे ही नुसती सवय नव्हे, ते कर्तव्य आहे. तसेच मोटार चालवायला वय १८ पुरे हवे, आणि माल किंवा भाड्याचे प्रवासी नेणारी गाडी चालवायला २० पुरे हवे. सोळा वर्षांच्या पोराच्या हाती टेंपोची किल्ली देणारा बाप लाड करीत नाही, घात करतो.

पूर्वी ट्रक, टेंपो चालवण्याच्या लायसन्ससाठी आठवी पास असण्याची अट होती. २०१९ साली ती काढून टाकली. पण त्यामुळे वाचण्याची गरज संपली असे समजू नका. रस्त्याकडेची पाटी वाचायची असते. 'तीव्र उतार', 'पुढे शाळा आहे' हे शब्द कुणी कानात येऊन सांगत नाही. तुम्ही अक्षरे शिकलात ती अशा पाट्यांसाठीही आहेत. हा धडा घरी न्या. ज्याला वाचता येत नाही अशा एका ड्रायव्हरला तो वाचून दाखवा.

जाता जाता एवढे पाठ करा.

गाडीभोवती फेरी मारा.
हँडब्रेक ओढलेला आहे ना, ते बघा.
न्यूट्रल करून, क्लच दाबून इंजिन सुरू करा.
पहिला गिअर घाला, मागेपुढे पाहा.
इंजिनाने ओढ धरली, मगच हँडब्रेक सोडा.
उभी करताना ब्रेक, गिअर आणि उतारावर ठोकळा.
लावलेला दगड आठवणीने उचला.

सातच गोष्टी आहेत. आठवड्याच्या वारांइतक्या. त्या सगळ्यांचा अर्थ एकच. आधी धरा, मग सोडा.